पट्ट्या काढायच्या राहिल्या

पोटच्या पोराने फोन करावा, ‘आई, जेवली का?’ विचारावं आणि आईने तोंड उघडायच्या आत ‘बरं, ठेवतो’ म्हणावं, ही कोणती रीत? जेवली नसेल तर? हिंगण्याच्या कंपनीत सुपरवायझर झाला म्हणून काय आईचीही हजेरी घ्यायची? रजतवरचा हा राग गोपिकाबाईंना रोजचाच होता. पण या आठवड्यात तो जास्त पेटला होता. रविवारी नंदनवनच्या मैदानावर साठीपुढच्यांची चालण्याची शर्यत होती. ‘माहा पोरगा येतेच पाहाले’ असं त्या अख्ख्या गल्लीत सांगून बसल्या होत्या, आणि पोराला ते सांगायला फोनवर जागाच सापडत नव्हती.

शर्यतीआधी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात सगळ्यांच्या हृदयाची तपासणी होती.

“माह्या हृदयाले काय धाड भरली?” गोपिकाबाईंनी रांगेतल्या म्हाताऱ्यांना सुनावलं. “एक सासू अन् दोन नणंदा पचवल्या त्यानं.”

श्वेता नावाच्या पोरीने त्यांना निजवलं, छातीवर आणि हातापायांवर बटणवाल्या पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांना वायरी लावल्या. मशीनमधून ईसीजीचा कागद सरकू लागला.

“आजी, बोलू नका. रेघ हलून राहिली.”

“मी कुठं बोलली? तुह्यं लग्न झालं का, एवढंच तं विचारलं.”

“मशीनले सगळं समजते, आजी.”

“सगळं?”

“सगळं. आता चूप.”

तीन कागद वाया गेल्यावर एक नीट आला. श्वेताने वायरी काढल्या. “पट्ट्या राहू द्या. डॉक्टरनं कागद पाहिला की काढते.”

डॉक्टर ‘फस्क्लास’ म्हणाले खरे, पण तोवर श्वेताभोवती म्हाताऱ्यांची जत्रा भरली होती. गोपिकाबाई पट्ट्यांसकट ऑटोत बसल्या. आता फोनला कुठे वायर असते? मग पट्ट्यांना तरी कशाला लागेल? ती श्वेता पोरगी तिकडे दवाखान्यात बसून ऐकत असणार.

घरी आल्या तर शेजारच्या पंचफुलाच्या धुण्याचं पाणी नेहमीसारखं त्यांच्या अंगणात. एरवी या पाण्यावर तासभर भांडण पिकायचं. पण पोरीच्या कानावर शिव्या कशाला?

“असू दे वं पंचफुले. पाणीच आहे.”

पंचफुलाच्या हातातला खराटा गळून पडला.

संध्याकाळी गोपिकाबाईंनी छातीवरच्या पट्टीशी दबकत बोलायला सुरुवात केली. “पोरी, आज वांगी केली. एका जिवाले दोन पुरतात. पण दोनच मागाले लाज वाटते, म्हणून पावशेर घेतो. मंग तेच उद्याही खातो.”

पोरगी मध्ये काही बोलली नाही. म्हणजे ऐकत होती. मग काय, गुडघा झाला, गेलेला नवरा झाला, न आलेल्या पाहुण्यांसाठी केलेला चिवडा झाला. दुपारी मात्र त्या चूप बसायच्या; पोरीची जेवायची सुट्टी असेल. अंघोळीलासुद्धा गळ्याखाली नुसतं ओलं फडकं फिरवायच्या.

“रविवारी माही शर्यत आहे,” एकदा त्या पट्टीकडे वाकून म्हणाल्या. “रजतले सांगाचं राहून जाते. तुले दिसला तं सांगजो.”

खिडकीशी उभ्या पंचफुलाने ते ऐकलं आणि लगेच हिंगण्याला फोन लावला. “रजत, तुही माय रिकाम्या घरात कोणाशी तरी बोलून राहिली. अन् मले दोन दिवस झाले, एक शिवी नाही दिली. लवकर ये बापा.”

रजत कंपनीच्या कपड्यांतच मोटरसायकलवर आला, आईच्या हातापायांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि तिला मागे बसवून थेट त्याच दवाखान्यात घेऊन गेला.

“आजी, ह्या तं त्याच दिवशी फेकाच्या होत्या,” श्वेता एकेक पट्टी सोलत म्हणाली.

“यातून ऐकू येत नाही काही?”

“काही नाही, आजी. नुसतं चिकटवाचं असते ते.”

आपली दोन दिवसांची बडबड कचऱ्याच्या डब्यात पडताना गोपिकाबाईंनी पाहिली. पदर सारखा केला.

“मंग दुपारी मी उगीच चूप बसली,” त्या म्हणाल्या.

बाहेर मोटरसायकलपाशी रजत पुटपुटला, “एवढं बोलाचं होतं तं मले बोलाचं न, आई. मी नसतं ऐकलं?” तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि त्याचा हात तिकडे गेला.

गोपिकाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

“तुह्यापेक्षा त्या पट्ट्या बऱ्या, रजत. ऐकू त्याईलेही येत नव्हतं. पण ‘बरं, ठेवतो’ तं म्हणत नव्हत्या.”