थांबारावांचा टेकू

शब्दकोशाचा पहिला खंड छापखान्याला परत द्यायचा, एवढंच त्या शनिवारी थांबारावांनी ठरवलं. चांगलं काम करायला निघालेल्या माणसाच्या घरात पुढे काय काय मोडणार आहे, हे आधी कुणी सांगत नाही.

थांबाराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते छापखान्यात मुद्रितं तपासतात. गेली पंचवीस वर्षं ते दुसऱ्यांच्या चुका काढत आले आहेत. (त्यांच्या स्वतःच्या चुकांचा विभाग बायकोकडे आहे.) छापखान्यात कुणी नवा लॅपटॉप घ्यायचं म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "थांबा. पुढचं मॉडेल येतंय." अक्षरजुळणी करणाऱ्या बाई त्यांच्या शब्दाखातर तीन वर्षं थांबल्या. मग त्या निवृत्तच झाल्या.

पुढच्या मॉडेलची थांबारावांइतकी माहिती ते बनवणाऱ्यांनाही नसावी. ते वहीइतकं पातळ असणार होतं. एकदा चार्ज केलं की दोन दिवस चालणार होतं. त्याला पंखाच नसणार होता, त्यामुळे आवाजही नाही. एकदा कुठल्याशा कारखान्यातून चोरून काढलेला त्याच्या मागच्या बाजूचा फोटो त्यांच्या हाती लागला. थांबारावांनी तो पडद्यावर मोठा करून तासभर न्याहाळला आणि उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी गोल दिसताच जाहीर केलं, "हवा खेळती ठेवण्याची नवी जाळी आहे ही!" बायकोनं ओलं फडकं आणून पडद्यावरचा चहाचा डाग पुसला आणि पुढच्या मॉडेलमधली एक सुधारणा कमी झाली.

या सगळ्या बातम्या एका वहीत लिहिलेल्या असत. वही मुळात त्यांच्या दादाची. दादा दुसऱ्या गावी राहायचा आणि दर रविवारी सकाळी नऊला फोन करायचा. घरची खुशाली दोन मिनिटांत उरकायची आणि मग तासभर पुढचं मॉडेल. "या वेळेला घेऊनच टाकतो," असं थांबारावांनी म्हटलं की दादा म्हणायचा, "थांब रे, पुढच्यात बघू." म्हणजे थांबायला शिकवलं ते दादानं, नाव मात्र धाकट्याला पडलं.

दादा जाऊन दीड वर्ष झालं. वहिनींनी वही पाठवून दिली. अर्ध्यापर्यंत दादाचं टपोरं अक्षर आहे आणि पुढे थांबारावांचं बारीक. मध्ये एक ओळ मोकळी आहे. रविवारी नऊ वाजता ते अजूनही वही उघडून बसतात आणि तेवढा वेळ बायको त्या खोलीत केर काढायला जात नाही.

आता त्यांच्या लॅपटॉपविषयी. तो नऊ वर्षांचा. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे वायरला कुणाचा पाय लागला की केलेलं काम गेलं. 'र'चं बटण उडालेलं. खाली राहिलेला रबराचा ठिपका नखानं दाबला की 'र' उमटायचा, कधी एक, कधी चार. पंखा सुरू झाला की समोरच्या घरातली माणसं खिडकी लावून घेत. आणि बिजागरी मोडल्यामुळे पडदा उघडला की उताणा पडे. त्याला मागून टेकू म्हणून शब्दकोशाचा पहिला खंड उभा केलेला असे. ग्रंथाचं कव्हर खराब होऊ नये म्हणून थांबारावांनी तो निळ्या फुलांच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात घातला होता. ग्रंथ छापखान्याचा होता. तो आता मालकांना हवा होता.

शनिवारी ग्रंथ गेला, अभ्रा घरीच राहिला. रविवारी सकाळी थांबारावांनी पडदा उभा केला आणि तो सावकाश आडवा झाला. त्यांनी बिस्किटांचा डबा लावून पाहिला, तो घरंगळला. इस्त्री लावली, तिच्या वायरमध्ये लॅपटॉपची वायर अडकली आणि दोन पानांच्या दुरुस्त्या गेल्या. बायको भाजी आणायला गेली होती. थांबारावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आतल्या खोलीतलं कपाट उघडलं.

त्या कपाटाला हात लावायची त्यांना मनाई आहे. ते एक चादर ओढतात आणि पाच खाली येतात, असा इतिहास आहे. त्या दिवशी मात्र त्यांनी चादरींना धक्काही लावला नाही. सगळ्यात खाली, रजयांच्या मागे, खाकी कागदात बांधलेलं एक सपाट, टणक पार्सल होतं. जाडी नेमकी पहिल्या खंडाएवढी.

बायको शाळेत गणित शिकवते, आणि शाळेतून घरी आणलेल्या प्रत्येक वस्तूला ती खाकी कागद घालते. उत्तरपत्रिकांना घालते, लाकडी कोनमापकाला घालते, आलेखाच्या फळ्यांना घालते. 'आलेखाचे फळे,' थांबाराव मनात म्हणाले. पार्सल ओढताना त्यांचा खांदा दाराला लागला आणि कपाटाच्या दाराची वरची बिजागरी निखळली. तिची वस्तू, ओरखडा नको, म्हणून त्यांनी ते पार्सल निळ्या फुलांच्या अभ्र्यात घातलं आणि पडद्यामागे उभं केलं. पडदा असा ताठ राहिला की त्यांना भरून आलं.

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. त्या खाकी कागदात नवा कोरा लॅपटॉप होता. थांबारावांचा वाढदिवस सोळा दिवसांवर आला होता. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी बायकोच्या पायानं वायर सुटली आणि तीन प्रकरणांच्या दुरुस्त्या गेल्या. थांबाराव एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिनं तो लॅपटॉप कधीच घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेल्याबरोबर थांबारावांनी सुताराला बोलावलं.

"लवकर कर रे. ती यायच्या आत व्हायला हवं."

"साहेब, दोन स्क्रूचं काम आहे. घाम का पुसताय?"

दार बसलं. पुढचे तेरा दिवस थांबाराव नव्या मॉडेलविषयीच्या बातम्या जुन्या लॅपटॉपवर वाचत राहिले आणि जुना लॅपटॉप नव्याला टेकून उभा राहिला. बायको रोज टेबल पुसताना अभ्रा उचलून बाजूला ठेवी आणि पुसून झालं की परत लावी. शब्दकोश परत गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं; आत तोच आहे, याबद्दल तिला शंका नव्हती.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावर तिला सुतार भेटला.

"बाई, दार आता नीट लागतंय ना?"

"कुठलं दार?"

"तुमच्या कपाटाचं. आतल्या खोलीतलं."

ती तशीच घरी आली, कपाट उघडलं, रजया काढल्या. मागे नुसती भिंत होती. तिनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला आहे आणि या कटात सामील होती.

"अगं, गेला! पार्सलच नाही!"

"आई, नळ बंद कर. काही ऐकू येत नाही."

"नळ बंद केला तर बाबांना ऐकू जाईल."

"मग बाबांनाच विचार ना सरळ."

"काय विचारू? तुमच्यासाठी आणलेला लॅपटॉप तुम्ही पाहिलात का, म्हणून?" मग तिचा आवाज उतरला. "त्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी काही घेतलं नाही गं. मी घेतलं, तर तेही टिकलं नाही."

बाहेर येऊन तिनं पदराला हात पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, सुतार आला होता म्हणे?"

थांबारावांचा 'र' चार वेळा उमटला. "हो… दार… जरा करकरत होतं."

"कपाट तुम्ही उघडलं होतंत?"

"मी? छे! मी कशाला उघडू? सुतारानंच उघडलं."

हे वाक्य त्यांनी कपाटाच्या मनाईपुरतं टाकलं होतं. ते कुठे जाऊन पडलं, ते त्यांना रविवारी कळलं.

रविवारी दहाच्या सुमारास बायकोनं सुताराला बोलावलं. खुर्चीचा पाय हलतो, हे निमित्त. खुर्चीचा पाय हलत नव्हता. सुतारानं ती दोनदा जमिनीवर आपटून पाहिली. मग बाईंनी फळ्यावर प्रमेय सोडवावं तशी सुरुवात केली.

"त्या दिवशी तू एकटाच होतास कपाटापाशी?"

"साहेब होते की. सारखे दारात जाऊन बघत होते."

"कपाटात काही सपाट दिसलं होतं का?"

"बाई, घडी घातलेलं सगळं सपाटच असतं."

"खालच्या कप्प्यात."

सुतारानं हातातला हातोडा हळूच पिशवीत ठेवला. "बाई, काही हरवलंय का?"

बायको खुर्चीच्या पायाकडे पाहू लागली. सुतार उभा राहिला. "बारा वर्षं तुमच्या घरी येतोय. तुमच्या लेकीचं अभ्यासाचं टेबल मी केलं. दाराची बिजागरी बसवायला आत हात घालावा लागत नाही, बाई. ती बाहेरून बसते."

थांबाराव टेबलाशी वही उघडून बसले होते. काय हरवलं, हे त्यांना माहीत नव्हतं. पण सुतार हात पुसतो आहे आणि पिशवी उचलतो आहे, एवढं त्यांना दिसलं. छापून गेलेल्या पुस्तकात मोठी चूक सापडावी, तसे ते उठून उभे राहिले.

"ए, थांब," ते म्हणाले. (सवयीनं.) मग बायकोकडे वळले. "कपाट मी उघडलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी. बिजागरी मीच मोडली. याला मीच बोलावलं, तुला कळू नये म्हणून."

"तुम्ही? मग काल…"

"घाबरलो. पण चादरींना हात लावला नाही हं. तुझे ते आलेखाचे फळे तेवढे घेतले."

"कसले फळे?"

"ते. खाकी कागदातले."

बायकोनं खुर्चीची पाठ धरली. "कुठे आहेत ते?"

थांबारावांनी मान वळवली. बायकोनंही वळवली. सुतारानं, त्याचा काही संबंध नसताना, वळवली. निळ्या फुलांचा अभ्रा पडद्यामागे निमूट उभा होता.

"मी रोज पुसते त्याला!" बायको म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. खुर्चीचा पाय आता खरोखर हलला.

तिनं आधी सुताराकडे पाहिलं. "माझं चुकलं रे. बस. चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

"चुकलं तर साहेबांचं," सुतार म्हणाला आणि पिशवी खाली ठेवली. "साखर जरा जास्त टाका."

पार्सलची दोरी त्यानंच पटाशीनं कापली. आतल्या खोक्यावर लॅपटॉपचं चित्र होतं. थांबाराव पुटपुटले, "पण… पुढचं मॉडेल…"

"ऐका," बायको म्हणाली. "तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय ना, पुढच्या मॉडेलकडून अपेक्षा? ते उतरवून मी दुकानात नेलं होतं. पडदा आपला आपण उभा राहावा. वायर सुटली तरी बंद पडू नये. 'र' असावा. पंख्यानं शेजारी जागे होऊ नयेत. दुकानदारानं दोनदा वाचलं. म्हणाला, बाई, हे सगळं या मॉडेलमध्ये आहे. याच्या आधीच्यातही होतं. त्याच्याही आधीच्यात होतं."

थांबाराव वहीवरून हात फिरवत राहिले. "दादाला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"त्यांना माहीत होतं."

"म्हणजे?"

"वहिनी म्हणाल्या मला. दादांनी पाच वर्षांपूर्वीच नवा घेतला होता. तुम्हाला बोलले नाहीत."

"का?"

"सांगितलं असतं, तर रविवारी तासभर काय बोलला असतात दोघं?"

थांबारावांनी चष्मा काढून पुसला. तो बराच वेळ पुसावा लागला. "लबाड!" ते शेवटी म्हणाले. "पुढच्या मॉडेलला पंखा असावा की नसावा, यावर पाऊण तास वाद घातला माझ्याशी." मग त्यांनी पेन काढून वहीत चारही अपेक्षांसमोर बरोबरच्या खुणा केल्या. खाली एक ओळ मोकळी सोडली.

तेवढ्यात सुतारानं जुना लॅपटॉप उलटा करून पाहिला. पेटीच्या झाकणाला लावतात तसल्या दोन पितळी बिजागऱ्या त्याच्या पिशवीत होत्या. चहा निवायच्या आत त्यानं त्या बसवल्या. पडदा उभा राहिला. मागे काही नाही.

"झालं," तो म्हणाला. "नऊ वर्षं काय करत होतात, साहेब?"

थांबारावांनी नवा लॅपटॉप टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी उघडला आणि बटण दाबलं. (दाबताना डावा हात पडद्यामागे धरला होता. सवय.) इतक्यात लेकीचा फोन आला. पार्सल सापडल्याचं आईनं तिला कळवलं होतं. कुठे सापडलं, ते सांगायचं राहिलं होतं.

"बाबा, सांगा ना, कसा आहे?"

"भक्कम," थांबाराव म्हणाले. "चौदा दिवस वापरतोय. एकदाही हलला नाही."

"चौदा? बरं, आणि चालू केल्यावर?"

थांबारावांनी चष्मा कपाळावर चढवला. पडद्यावर एक छोटं वर्तुळ गोल गोल फिरत होतं आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत दोन ओळी आल्या होत्या. मुद्रितशोधकाच्या सवयीनं त्यांनी त्या दोनदा तपासल्या. चूक नव्हती.

"काय म्हणतोय, बाबा?"

"म्हणतोय, नव्या सुधारणा येताहेत," थांबाराव म्हणाले. "थांबा."