भरून येणारा खळगा

संध्याकाळी दुकानातून आल्या आल्या चष्मेवाल्यानं काचेवर फूटपट्टी आडवी ठेवली, फूटपट्टीखालच्या फटीत सुई घालून पाहिली, मग पुन्हा एकदा घालून पाहिली. काल झोपताना सुई आरामात शिरत होती. आज शिरेना.

दुर्बिणीचा आरसा घरीच घडवायचा म्हणून त्यानं दोन जाड, गोल काचा आणल्या होत्या. मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालून एक दुसरीवर घासत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, तिचाच आरसा होतो; खालची फुगते. चार महिने तो रोज घासत होता आणि काच होती तिथंच होती.

दुर्बीण हवी होती सासऱ्यांना. त्यांचा डावा डोळा कधीचाच कामातून गेलेला, आणि उजव्यात मोतीबिंदू. आता फार थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की सासरे म्हणत, आधी शनीची कडी बघतो, मग काय कापायचं ते कापा.

चष्मेवाल्याचं डोकंच चालेना. आधी त्यानं फूटपट्टीवर संशय घेतला, नवी आणली. मग पुडीवर. मग सुईवर, ती बायकोनं बदलली असणार. बायको म्हणाली, मला दुसरे उद्योग आहेत. शेवटी त्यानं आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीत बसून आपलेच डोळे तपासले. नंबर तोच होता. मग मात्र तो घाबरला, कारण आता बिघाड डोळ्यांच्या वरच्या मजल्यावर असणार होता.

गुरुवारी डबा घरी राहिला म्हणून तो दुपारीच परतला. वरच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत होता. सासरे बाह्या सरसावून, खालची काच वर आणि वरची खाली घेऊन, घामाघूम होऊन घासत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"मदत," सासरे म्हणाले.

"उलटी?"

सासऱ्यांनी हातातली काच खाली ठेवली. "जावईबापू, एकच डोळा उरलाय हो. तुमचा आरसा झाला की मला त्या टेबलावर झोपावं लागणार. भीती वाटते."

रागवावं की काय करावं, चष्मेवाल्याला समजेना. आपल्याला वेड लागलेलं नाही, याचाच त्याला इतका आनंद झाला होता. तो फरशीवर त्यांच्याशेजारी बसला आणि त्यानंही कबूल करून टाकलं. मोतीबिंदूच्या या डोळ्यानं शनी म्हणजे नुसता कापसाचा बोळा दिसला असता. कडीबिडी काही नाही.

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही ऑपरेशनला हो म्हणालात ते तेवढ्यावरच. ते मोडायचा धीर होईना."

बायको दारात उभी होती. "मग दोघं मिळून इतके दिवस घासत काय होतात?" तिनं विचारलं. सासरे बाह्या खाली ओढत जावयाला म्हणाले, लावा डॉक्टरांना फोन, पण आत नेईपर्यंत माझा हात सोडू नका.

सोमवारी ऑपरेशन झालं. सासऱ्यांना आत नेईपर्यंत चष्मेवाल्यानं त्यांचा हात सोडला नाही. डोळा छान उघडला. महिन्याभरानं नवा चष्मा लावून सासरे कुणाचाही आधार न घेता जिना चढले. त्यांनी काच उचलून उजेडात धरली, तिच्यावर फूटपट्टी ठेवली आणि वाकून फट शोधली.

"जावईबापू," ते गंभीरपणे म्हणाले, "ही तर सपाट आहे. चार महिने केलंत तरी काय?"