जिन्याच्या मीटरवरचं पाव युनिट

मुकुंदराव आमच्या घरी आले की आधी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवतात; तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "कोमट आहे. निजला नाही तुमचा टीव्ही," म्हणतात आणि मग माझी प्रकृती विचारतात.

कुंभकोणममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. काम घरूनच, कर्नेलचं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे त्यांनीच सांगितलं. कॅमेरा, माईक, डिस्क, प्रत्येकाचा एक कंट्रोलर असतो. काम नसलं की त्याला निजवायचं, काम आलं की उठवायचं. वापरणाऱ्याने कंट्रोलर धरला की एक आकडा वाढतो, सोडला की कमी होतो. शून्य झाला तरच तो निजतो. कोणी सोडायला विसरला तर बिचारा जागाच राहून वीज खातो. असे विसरभोळे हुडकण्यात पंचवीस वर्षं गेल्याने मुकुंदरावांचा कशावरच विश्वास उरलेला नाही. जवळच्या गोविंदपुरमच्या देवळात भजनाच्या मध्यंतरात ते अँप्लिफायर चाचपायला रांगत गेले. चक्कर आली समजून लोकांनी पाणी पाजलं. पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "धरलंय कोण याला?"

गेल्या महिन्यात जिन्याचं सामाईक मीटर जास्त पळू लागलं.

"अण्णा, वहिनींचा फ्रीज जिन्याच्या लायनीवर नाही ना?"

"नाही. वायर दाखवू?"

"वायर सगळ्यांचीच सरळ दिसते."

मला राग आला. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मीटर वाचून वहीत लिहिलं. जिन्याचे दिवे बंद ठेवूनही रोज पाव युनिट जात होतं. म्हणजे दहा वॉटचं काहीतरी अखंड चालू. आमच्या घरातला एकूण एक प्लग काढला, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. राहिलं वरचं घर. दुसऱ्यावर संशय घेणारा हाच तो, अशा खात्रीने वही घेऊन भर दुपारी वर गेलो.

त्यांनी आकडे दोनदा तपासले. "बरोबर आहे," म्हणाले आणि मला आत नेलं. देवाच्या कोनाड्याशेजारी एक छोटा संगणक कॅमेऱ्यासकट जागा होता. त्याची वायर खिडकीतून जिन्याच्या सामाईक इन्व्हर्टरला गेली होती.

"पट्टीश्वरमला राहणाऱ्या आमच्या अक्काचं बोलणं गेलंय, गेल्या महिन्यात, अर्धांगाने. एका बोटाने व्हिडिओ कॉलचं बटण दाबते. कॅमेरा निजलेला असला तर उठायला दोन सेकंद घेतो. तेवढा वेळ पडदा काळा दिसला की तिला वाटतं मी नाही. ठेवून देते. परत करत नाही."

"पण जिन्याची लाईन?"

"दुपारी वीज जाते, तीच तिची वेळ. माझ्याकडे इन्व्हर्टर नाही. तुम्हाला विचारायचं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, म्हणून फ्रीजचं काढलं. पंचवीस वर्षांत तेवढे दोन सेकंद मला काढता आले नाहीत, अण्णा."

तेवढ्यात पडदा उजळला. एका बाजूला ओघळलेला म्हातारा चेहरा.

"जेवलीस, अक्का? मी आज वांग्याचं केलं. खारट झालं." ती नुसती बघत होती. मुकुंदरावांनी मला दंडाला धरून कॅमेऱ्यासमोर ओढलं. "हे खालचे अण्णा. तू यांच्या विजेवर येतेस."

तिने डावा हात कष्टाने कपाळापर्यंत नेला. मी नमस्काराला हात उचलले, तर हातात वही. ती मागच्या मागे खुर्चीवर टाकली, तेव्हा कुठे हात जुळले.