आर्वो निस्कानेनची दोन बोटं

उजव्या डोळ्यात सुई टोचून डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या आणि आर्वो निस्कानेनसमोरचा दिवाच विझला. डावा डोळा फडक्याखाली होता, म्हणजे एकूण अंधारच.

थंडर बे शहरातल्या शाळांचे बॉयलर सांभाळण्यात आर्वोची हयात गेली होती. दाब या विषयात त्याला कोणी शिकवावं हे त्याला मान्यच नव्हतं. औषध आत गेलं की डोळ्यातला दाब चढतो, मिनिटभर काळोख होऊ शकतो, झाला तर सांगा, असं बाईंनी पहिल्याच खेपेला बजावलं होतं. पण तेव्हा आर्वो त्यांनाच सेफ्टी व्हॉल्व्ह समजावत होता. त्यामुळे आता त्याला वाटलं, डोळा गेला. डोळा गेला म्हणजे पिकअपची किल्ली कोपऱ्यात बसलेल्या हेल्वीकडे, त्याच्या बायकोकडे गेली. तळ्यावरच्या कॅम्पपर्यंत, म्हणजे सुट्टीतल्या लाकडी घरापर्यंत, तिच्या शेजारी गप्प बसून जायचं? त्यापेक्षा आर्वोने वाफेविना थंडगार सौना-स्नान पत्करलं असतं.

"किती बोटं दिसतात?" नर्स डेनिसने विचारलं.

दरवेळी ती दोनच दाखवायची. "दोन," आर्वो ठणकावून म्हणाला.

"नीट बघा, मिस्टर निस्कानेन."

"आता तीन. तुम्हीच बदलली की बाई."

आज डेनिसने पहिल्यापासून अख्खा पंजा धरला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंधार तर झाला नाही ना? आर्वो म्हणाला, लख्ख दिसतंय. तेव्हा बाईंना भलतीच धास्ती वाटली. दिसतंय पण मोजता येत नाही, म्हणजे बिघाड डोळ्यात नाही, त्याच्या वर आहे. त्यांनी आर्वोला हात वर करायला लावले, महिना विचारला, हसायला सांगितलं. हसू जरा वाकडं वाटलं. हे नेहमी असेच हसतात का, असं हेल्वीला विचारलं, तर ती म्हणाली, हसताना फारसा पाहिलेला नाही.

बाईंनी हॉस्पिटलला लावायला फोन उचलला. मेंदूची तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असंही सांगून टाकलं.

"थांबा," आर्वो म्हणाला. "मला काहीच दिसत नव्हतं."

"मग दोन कशी म्हणालात?"

"अंदाजाने."

बाईंनी फोन ठेवला. एव्हाना दाब आपसूक उतरला होता, आणि डेनिसचा पंजा पाचही बोटांसकट समोर आला. आर्वोच्या जिवात जीव आला. हेल्वीकडे वळून त्याने जाहीर केलं की डोळा शाबूत आहे, उद्यापासून गाडी तोच चालवणार.

हेल्वी मघापासून काहीतरी आठवत होती.

"आर्वो, रविवारी कॅम्पच्या रस्त्यात आडवं आलं ते कुत्रं आहे म्हणालास."

"मग?"

"त्याला शिंगं होती."

तिने हात पुढे केला. आर्वोने त्यावर किल्ली ठेवली.