हिच्या फोनमधली माणसं

मला येतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते मला येत नसल्यामुळे झालं असं कोणाला वाटायला नको. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी सगळी नोकरी मशीनवर काढली. अमोनियाचा पाइप फुटला की बाकीचे जेटीकडे पळायचे आणि मी तोंडाला ओला पंचा बांधून आत शिरायचो. अशा माणसाला एका फोनमधले नंबर दुसऱ्या फोनमध्ये नेता येणार नाहीत?

"बाबा, तुम्ही हात लावू नका," डोंबिवलीहून लेक म्हणाली. "मी आईच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा करते."

"अगो ज्ञानेश्वरी, वर्षश्राद्धाला माणसं बोलवायची तर नंबर आधी नकोत?"

यावर तिने 'हात लावू नका' एवढंच पुन्हा सांगितलं. मी लावला. मला येतं.

अडचण अशी होती की आमच्या घरी येणारी माणसं माझ्या बायकोची, तुळसाची होती. माझी कोणी नव्हती. ती ऑर्डरप्रमाणे कोकमाचं आगळ आणि आंबापोळी करून द्यायची, त्यामुळे अर्धी रत्नागिरी तिच्या फोनमध्ये. माझ्या फोनमध्ये गॅसवाला, लेक आणि 'घर'. घर म्हणजे तुळसा. मी माझ्या फोनवरून आमंत्रणं केली असती तर तिच्या श्राद्धाला गॅसवाला एकटा जेवून गेला असता. तिच्या पानाला तिचीच माणसं नाहीत, हे मला नको होतं.

त्यात तिचा फोन शेवटच्या घटका मोजत होता. बॅटरी वड्यासारखी टम्म फुगलेली. चार्जरची पिन बोटाने दाबून धरली तरच पडदा उजळायचा. मी एका हाताने पिन धरली, दुसऱ्याने काम सुरू केलं. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' दिसलं. हा शब्द माझ्या ओळखीचा. आमच्या बर्फातली कोळंबी एक्स्पोर्टच व्हायची. दाबलं.

एक फाईल तयार झाली. नावाच्या शेवटी व्हीसीएफ. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि सगळी कार्डं एकावर एक रचून एका क्रेटमध्ये बंद. फोन कुठल्याही कंपनीचा असो, क्रेट उघडतो. आणि वजन किती? मी काढलेल्या सुरमईच्या एका फोटोहून कमी. तुळसाने जन्मभर जोडलेली माणसं त्यात मावली. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याला मी मनात सलाम केला.

खात्री करावी म्हणून ती फाईल लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर उघडली. आत एकही माणूस नाही. नुसती बरोबरची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पुन्हा बरोबरची चिन्हं. कोणीतरी गणित घातलंय आणि उत्तर द्यायचं विसरलंय, असा प्रकार. मी डोंबिवलीला फोन लावला.

"गेली गो सगळी माणसं," मी लेकीला म्हटलं.

"कशात उघडलीत, बाबा?"

"नोटपॅडमध्ये."

"मग तसंच दिसणार. मराठी अक्षरं त्यात बांधून ठेवलेली असतात. फोनमध्ये उघडली की सुटतात."

"म्हणजे पॅकिंग."

"हो, पॅकिंग. आता ती फाईल स्वतःच्या फोनवर घ्या आणि मी येईपर्यंत काही करू नका."

पॅकिंग मला कळतं. त्यामुळे मला पुढचंही सुचलं. आमच्या वाडीत जेवणाचं आवतण छापील कार्डाने देत नाहीत. एक माणूस घरोघर फिरतो आणि दारात उभा राहून तोंडाने सांगतो. माझे गुडघे आता चढणीला ऐकत नाहीत. पण वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे! मी विचार केला, अख्खा क्रेटच धक्क्यावर ठेवला तर ज्याचा मासा तो उचलून नेईल. फाईल ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "तुळसाच्या वर्षश्राद्धाचं आवतण. सोबत हिच्या फोनमधली माणसं जोडली आहेत. ज्याने त्याने आपलं नाव बघावं आणि रविवारी जेवायला यावं."

मी स्वतः ती फाईल उघडून बघितली नव्हती. ती असताना तिच्या फोनमध्ये कधी डोकावलो नाही, आणि ती गेल्यावर धीर झाला नाही.

वाडीला धीर होता. फोनने प्रत्येकाला विचारलं, सगळे सेव्ह करू का? आमची वाडी फुकट मिळणाऱ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत तुळसाचा क्रेट घरोघर रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाळा वायरमन अंगणात उभा. चेहरा फ्यूज उडाल्यासारखा.

"अण्णा, हे काय?"

"काय?"

"हर्षदशेठच्या दुकानात होतो. त्याला फोन सापडेना, म्हणून मी रिंग दिली. फोन सापडला. वर काय नाव आलं बघा." त्याने स्वतःच्या फोनमधलं तेच कार्ड माझ्या नाकापुढे धरलं. 'बाळा वायरमन, उद्या म्हणजे परवा.' "गिऱ्हाइकं दात काढत होती."

"पण यात खोटं काय आहे रे?" मी विचारलं.

हे विचारायला नको होतं. बाळा पायऱ्या उतरून गेला.

मग खुद्द हर्षदशेठचा फोन. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो तुळसाच्या फोनमध्ये होता 'हर्षदशेठ, आधी स्तुती मग काम' या नावाने.

"भिकाजीराव, वैनींना मी देवासारखं मानायचो. त्या म्हणायच्या, शेठ, तुमच्यासारखा माणूस या बाजारात नाही. आणि मी पाइपावर सूट द्यायचो."

"म्हणजे लागू पडत होतं."

त्याने फोन ठेवला. तेवढ्यात धोंडू बोटवाल्याने ग्रुपवर लिहिलं की रविवारी त्याला बोटीवर काम आहे. त्याचं नाव होतं 'धोंडू, पहिला भाव खोटा', आणि सकाळपासून एकाही बाईने त्याला पहिला भाव बोलू दिला नव्हता. त्याच्या खाली एकेकाचं लिहिणं सुरू झालं. रविवारी कोणाला चिपळूणला जायचं होतं, कोणाला दाढ काढायची होती. वाडीत एका दिवशी इतकं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी ती फाईल माझ्या फोनमध्ये उघडली. अक्षरं सुटली. आणि खरं सांगतो, मला घाम फुटला होता तरी कौतुकच वाटत होतं. मी या माणसांच्यात जन्म काढला, पण एकाचंही असं वर्णन मला करता आलं नसतं. तुळसाने माणूस ओळखून, काटे काढून, साफ करून ठेवला होता.

मी ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला आणि लेकीला अभिमानाने सांगितलं.

"बाबा, मेसेज पुसला गेला. कार्डं त्यांच्या फोनमध्ये उतरलीत."

म्हणजे बर्फ विरघळला, पण मासा दुसऱ्याच्या टोपलीत.

"मग आता?"

"आता घरोघर जाऊन माफी मागा. दुसरं काय."

ज्या चढणीला भिऊन हा उद्योग केला ती चढण नशिबात होतीच. सुरुवात शेजारच्या येसूबाईंपासून केली. त्या तुळसाकडे रोज वाटी घेऊन यायच्या, आणि तुळसाने त्यांचं नाव घातलं होतं 'येसूबाई, साखर'. मी मान खाली घालून पडवीत उभा राहिलो.

"येसूबाई, चूक झाली."

"बस रे भिकाजी. चूक कसली? मला काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं. म्हणूनच आलो."

"नाही वाचलंस. गो योगिनी, दाखव त्याला."

सून फोन घेऊन आली. "आईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी कार्ड पूर्ण उघडलं, काका. वरती नुसतं नाव दिसतं. नावावर बोट दाबलं की खाली नंबर, आणि अगदी तळाला टीप असते. हे बघा."

तळाला तुळसाने लिहिलं होतं, 'साखर नको असते, बोलायचं असतं. बसवून घेणे. चहा बिनसाखरेचा, डॉक्टरने बंदी केली आहे.'

येसूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला वाटायचं मी तिला फसवतेय. आणि तिचा चहा अगोड का लागतो ते आता कळलं."

मी क्रेटचा वरचा थर पाहून निवाडा केला होता. पण चांगला मासा तळाशी होता. मी तसाच बाळाकडे गेलो.

"नाव नको बघू. खाली बघ," म्हटलं.

त्याने उघडलं. 'अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं हाच करतो, म्हणून उशीर. रागावू नये. डबा देणे.'

बाळाने पडदा शर्टाला पुसून पुन्हा वाचलं. "अण्णा, वैनी म्हणायच्या की घरी जास्त झालं म्हणून देते."

"रोज कोणाच्या घरी जास्त होतं रे?"

तो नाक ओढून म्हणाला, "मांडवातली लाइट कोण करतंय?"

"तूच. शनिवारी ये."

"शनिवारी नक्की," असं म्हणून तो रविवारी सकाळी आला.

हर्षदशेठने दुकानात रंगाच्या डब्यावर बसून आपली टीप वाचली. 'याला घरी कोणी बरं म्हणत नाही. आपण म्हणावं. मनाने मोठा.' त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मनाने मोठा," तो म्हणाला. "भिकाजीराव, हे वैनींनी नावात का नाही घातलं?"

"नावात जागा कमी असेल."

"असेल," तो म्हणाला, आणि श्राद्धाच्या पत्रावळ्या माझ्याकडून असं परस्पर जाहीर केलं. मला वाटतं, आपली स्तुती खाली असली तरी आहे, एवढ्यावर त्याचं भागलं. धोंडूच्या तळाला होतं, 'दुसरा भाव खरा. त्याखाली मागू नये, माणूस कष्टाचा.' हे वाचल्यावर त्याचं बोटीवरचं काम आपोआप पुढे ढकललं गेलं. दाढाही ज्याच्या त्याच्या जागी राहिल्या.

रविवारी माणसांनी पडवी आणि अंगण भरलं. वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी दोनदा करावी लागली. ज्ञानेश्वरी वाढत होती. सगळे एकमेकांना तुळसाच्या नावांनी हाका मारत होते. "ए पहिला भाव, आमटी इकडे!" कोणीही आपलं कार्ड पुसलं नव्हतं.

माळेतला एक दिवा बंद पडला, म्हणून मी बाळाला फोन लावला. त्याचा फोन पडवीत चार्जिंगला होता. तो वाजला, आणि आसपासचे सगळे वाकून पडदा बघायला लागले. मग तोंडं फिरवून हसू दाबायला लागले. आठवडाभर माझा फोन उचलणाऱ्या प्रत्येकाच्या आवाजात मला हसू ऐकू येत होतं. मला वाटलं होतं, विधुर माणूस म्हणून गोड बोलतात.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

कोणी सांगेना. माझं कार्ड मी बघितलंच नव्हतं. माणूस स्वतःचा नंबर कशाला शोधेल? शेवटी येसूबाई म्हणाल्या, "दाखव रे त्याला. आता एकटा तोच राहिलाय."

बाळाने फोन माझ्यापुढे धरला. 'आमचे हे, मला येतं म्हणतील.'

अंगण एकदम मोकळं होऊन हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग लेकीने त्या नावावर बोट दाबलं आणि तळापर्यंत गेली. वाचून तिने फोन माझ्या हातात दिला.

'येत नसतं. तरी करू द्यावं. मग आपण हळूच नीट करावं.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं यात विशेष काही नाही, वितळणं आमच्या धंद्यातच असतं.

"बाबा," थोड्या वेळाने ज्ञानेश्वरी म्हणाली, "आईचा फोन आता उघडत नाही. त्या फाईलची एक प्रत वेगळी ठेवलीत ना?"

"त्यात काय, मला ये..."

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं.

"तूच ठेव," मी म्हटलं, आणि वडे वाढायला घेतले.