दोघांची होडी

"अगं, खुशाल राहा तिकडे! माझं उत्तम चाललंय. घर नुसतं लखलखतंय!"

रविवारी सकाळी बाइंडरकाकांनी बायकोला फोनवर असं छातीठोक सांगितलं, तेव्हा ते उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले होते. कारण घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर मळके कपडे बसले होते!

काकू थंडीच्या तोंडाशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, त्या अजून तिकडेच होत्या. "बाळ बसायला लागेपर्यंत थांब म्हणतेय ती," काकू म्हणाल्या. "तुमचे हाल होत असतील तर मात्र येते. संध्याकाळी नक्की काय ते सांगा."

"हाल? आणि माझे?" काका मोठ्याने हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना आपलीच जीभ चावावीशी वाटली. पुस्तकं बांधण्यात जन्म गेलेला माणूस. शिवण उसवलेलं जाडजूड पुस्तक हाती आलं की एक पान इकडचं तिकडे होऊ देत नसत. पण 'लवकर ये' हे दोन शब्द काही त्यांना जोडता येत नव्हते.

खोटं बोललोच आहोत, तर निदान खरं करून दाखवू, म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. दिवसही असा की घरात बसणाऱ्याला पाप लागावं! थंडी उतरणीला लागलेली. ऊन कसं ताज्या इस्त्रीच्या कपड्यासारखं ऊबदार. समोरच्या तळ्याकाठची झाडं शेंड्याला पिवळी पडू लागलेली.

काकांनी चादरी धुतल्या, गादीला ऊन दाखवलं, खिडक्यांच्या काचा पुसल्या. पुसता पुसता एका काचेला एवढं चकचकीत केलं की ती उघडी आहे समजून त्यांनीच तिच्यावर डोकं आपटून घेतलं!

शेवटी राहिला दारामागच्या खुंटीवरचा काकूंचा जांभळा गाऊन. तो त्यांनी इतके दिवस धुतला नव्हता. त्याला काकूंचा वास होता. थोडा साबणाचा, थोडा गुडघ्याला लावायच्या बामाचा. कधीमधी येता-जाता काका त्यात नाक खुपसत. कुणी पाहत नाही ना, हे बघून. आज त्यांनी तो फक्त वाऱ्याला म्हणून गॅलरीच्या दोरीवर टाकला. चिमटे संपले होते. 'राहील तसाच,' म्हणाले आणि तळ्यावर गेले.

तिथे पायाने चालवायच्या होड्या भाड्याने मिळत. दर वर्षी या दिवसांत दोघं एकदा तरी बसत. काकू पाय मारत नसत. नुसत्या 'उजवीकडे घ्या' म्हणत.

"दुसरं कोण?" होडीवाल्याने विचारलं.

"मी एकटाच."

"ही दोघांची होडी आहे साहेब. एका अंगाला कलंडेल हं!"

"मला नका शिकवू!"

होडी कलंडलीच. शिवाय एका बाजूला भार पडल्यामुळे ती सरळ जाईना. एकाच जागी गोल गोल फिरू लागली. शेजारची रिकामी जागा दर फेरीत उंच होऊन काकांकडे बघायची. "उजवीकडे घ्या," काका स्वतःलाच हळूच म्हणाले.

तिसऱ्या का चौथ्या गिरकीत त्यांना आपली गॅलरी दिसली. आणि वारा सुटला! जांभळा गाऊन फुगला, बाह्या पसरून दोरीवरून उठला, रस्ता ओलांडून आला आणि अलगद तळ्यात उतरला.

"अहो, धरा!" काका ओरडले. "बायकोचा गाऊन गेला!"

वाऱ्याने शेवटचे शब्द खाल्ले. काठावरच्या लोकांना ऐकू आलं ते 'धरा' आणि 'बायको'. त्यांनी बाकीचं आपापल्या अकलेने जुळवलं. समोर पाण्यात काहीतरी जांभळं, फुगलेलं, हात पसरून तरंगत होतं.

"बाई बुडतेय!"

"तिचा नवरा बघा, होडीत बसून गोल फिरतोय!"

"कसला निर्दयी माणूस!"

होडीवाल्याने शिट्टी फुंकली. कुणीतरी वाचवायचं रबरी कडं फेकलं, ते नेमकं काकांच्या टकलावर आदळलं. गाऊन आता पाणी पिऊन खाली जाऊ लागला होता. काकांनी काही विचार केला नाही. सरळ उडी मारली!

पाणी कमरेएवढं होतं. काका चिखलात ताठ उभे राहिले आणि गाऊन उराशी धरून काठाकडे आले. काकांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई तोंडाने श्वास द्यायच्या तयारीने धावत आल्या होत्या.

"काका! काकू कधी आल्या? कुठे आहेत?"

"आली नाही," काका म्हणाले. त्यांनी गाऊन नाकाशी नेला. शेवाळ, चिखल, मासे. "वास गेला हो सगळा."

नर्सबाईंनी आपली ओढणी काकांच्या खांद्यावर टाकली.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय केलंत दिवसभर?"

"विशेष काही नाही. कपडे धुतले. होडीतून... आँक् छी! फिरून आलो."

"नर्सबाईंचा फोन येऊन गेला मला. तळ्यात उडी मारलीत म्हणे, माझ्या गाऊनसाठी. बाहीला भोक पडलंय त्याच्या!"

"हो."

पलीकडून बॅग ओढल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "गुरुवारच्या गाडीने निघते मी."

"अगं, पण बाळ..."

"बाळाला आई आहे. तुम्हाला कोण आहे?" आणि एकदम काहीतरी आठवून, "पण काय हो, तुम्हाला पोहायला कुठे येतं?"

"नाही येत."

"अगं बाई! आणि तरी उडी मारलीत? फार खोल होतं का?"

"बुडालोच असतो गं," काका खोल आवाजात म्हणाले.

"गुरुवार राहू दे. उद्याचीच गाडी मिळतेय का बघते!"

खाली बसलो असतो तर बुडालो असतो, हे मात्र काकांनी सांगितलं नाही.