दाण्याला पंप नसतो

टपातल्या मिठाच्या पाण्यावर बटाटा तरंगला, तसं स्वराजने बापाकडे अशा काही ऐटीत बघितलं की बटाट्याला पोहायला त्यानेच शिकवलं असावं. भिकूने बटाट्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि विचारलं, "भाजीला कधी घेणार?"

"बा, ही टेस्ट हाय. बटाटा तरंगला म्हंजे पाणी पायजे तेवढं खारट झालं. आता बियाणं वतायचं. पोचट दाणा वर, भरलेला खाली."

आणि झालंही तसंच. पोचट वर आलं, भरलेलं तळाला बसलं. भिकूला हे बरं वाटलं, पण तसं तोंडावर दाखवणाऱ्यातला तो नव्हता.

स्वराज चार वर्षं ठाण्यात पाण्याचे फिल्टर बसवत होता. तिथून कंटाळून तो कापड्याला परत आला होता आणि आता त्याला शेतीच करायची होती. भिकूला ते पटत नव्हतं. फिल्टरवाल्या पोराला चिखल कळतो यावर त्याचा विश्वास नव्हता. शेवटी बापलेकात ठरलं ते असं: यंदाचं बियाणं स्वराजच्या हातात. मोड आणून दाखवले तर शेत त्याचं. सोमवारपर्यंत मोड दिसले नाहीत, तर सोमवारचीच ठाण्याची एसटी.

रहूची पेरणी म्हणजे बियाणं आधी दिवसभर भिजवायचं, मग पोत्यात घालून दाबून ठेवायचं आणि मोड आले की चिखलात फोकायचं. कृषी सहायकाने सगळं नीट सांगितलं होतं. मिठाच्या पाण्यातून काढा, चांगलं धुवा, मग साध्या पाण्यात भिजवा. पण "धुवा" म्हणेपर्यंत स्वराजचं डोकं पुढे धावलेलं होतं. फिल्टर कंपनीने त्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं आणि त्यातला पडदा त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. फिल्टरमध्ये एक पडदा असतो. खारट पाणी एका बाजूला, पडद्यातून पलीकडे येतं ते गोड पाणी. मीठ अलीकडेच राहतं.

"भाताच्या दाण्याला पण पडदा असतो आये, आतल्या प्रत्येक पेशीला. बियाणं ह्याच पाण्यात ठेवलं तर मीठ बाहेर र्‍हाईल नि आत जाईल ते एकदम फिल्टरचं पाणी. एकेक दाणा म्हंजे एकेक फिल्टर."

रखमाने पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. "ह्यात मी कैरी टाकली तर ती सुकंल. तुझा दाणा कसा फुगंल?"

"कैरी वेगळी," स्वराज म्हणाला. कशी वेगळी ते त्याने सांगितलं नाही, कारण ते त्यालाही माहीत नव्हतं.

बुधवारचा दिवस बियाणं मिठाच्या पाण्यात गेला. गुरुवारी ते पोत्यात भरलं, वर पेंढा, पेंढ्यावर दगड. शुक्रवारी पोतं उघडलं तर काही नाही. शनिवारी सकाळी रखमाने एक दाणा काढून दाताखाली धरला. कडाक. तिने दाण्याचे दोन कोरडे तुकडे तळहातावर घेऊन पोरापुढे धरले.

स्वराज ओट्यावर बसला आणि ठाण्यात बसवलेला एकेक फिल्टर आठवू लागला. पडदा, नळी, टाकी, आणि खाली ती घुरघुरणारी मोटर. तिथे तो थांबला. पाणी पडद्यातून आपणहून जात नव्हतं, त्याला पंप ढकलत होता. पंप बंद असला की उलटं होतं, गोड पाणी पडद्यातून खाऱ्याकडे जातं. हेही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण ते जेवणानंतर सांगितलं होतं. दाण्याला पंप नव्हता. म्हणजे त्याने आख्खं पोतं बियाणं दिवसभर तहानलेलं ठेवलं होतं.

भिकू शेतावर होता. तो येईपर्यंत काहीतरी करायला हवं होतं. स्वराजने आधी दाब द्यायचं ठरवलं आणि कुकर उचलला. रखमाने तो हातातून काढून घेतला. मग त्याने मोबाइलवर शोधलं. अंगातलं पाणी गेल्यावर ओआरएस देतात. का देतात, तर मीठ एकटं गेलं की पडद्याच्या दारावर अडतं. सोबत साखर असली की दोघं जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी. हे आतड्याबद्दल लिहिलेलं होतं. पण आतडं काय आणि दाणा काय, पडदा तो पडदाच, असा विचार करून त्याने गाडीला किक मारली.

पोलादपुरात रघुवीरशेठच्या मेडिकलमध्ये त्याने चाळीस पुड्या मागितल्या. शेठने चष्मा वर केला. कोणासाठी, म्हणून विचारलं. घरी लागतात, एवढंच सांगून स्वराज पिशवी घेऊन निघाला. ऐन पावसाळ्यात एक माणूस चाळीस पुड्या घेऊन कापड्याकडे जातो, ही बातमी मनात ठेवून रघुवीरशेठला दुपारची झोप लागली नसती. त्यांनी आरोग्य उपकेंद्रात फोन लावला.

स्वराज घरी पोचून टपात नारिंगी पाणी करून बियाणं बुडवतो, वर गोणपाट टाकतो, तोवर मुंग्यांची रांग लागली. आणि मुंग्यांच्या मागोमाग दर्शना वहिनी आली. वाडीची आशा सेविका. काखेत रजिस्टर, हातात ब्लिचिंग पावडरची पिशवी.

"जुलाब कोणाला लागलेत?"

"कोणाला नाय गो," रखमा म्हणाली.

"मग चाळीस पुड्या कोणाच्या पोटात गेल्या?"

नेमका तेव्हा भिकू दारात येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. त्याने दर्शनाकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं, मग पोराकडे. गोणपाटाखालचा टप तीन हातांवर होता. खरं सांगावं तर बियाणं गेलं, शेत गेलं आणि सोमवारची एसटी आली.

"मला," स्वराज म्हणाला.

"किती वेळा झाले?"

"सतरा."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

दर्शनाने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. साडेअकरा वाजले होते. तिने मनात काहीतरी भागाकार केला, पेन झटकलं आणि सतरा लिहिले. कापड्यात आजवर कोणी एवढा आकडा दिला नव्हता.

मग घरात सरकार शिरलं. हंडे उपडे झाले, पिंप उपडं झालं, ब्लिचिंगच्या वासाने मांजर घर सोडून गेलं. स्वराजला कोपऱ्यात वाकळीवर निजवला. खायला फक्त पेज. सात दिवस गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं दर्शनाने कागदावर लिहून खाली त्याची सही घेतली. शेवटी तिने गोणपाट उचललं.

"हे काय?"

"बियाणं हाय," रखमा म्हणाली. "औषधात घातलंय म्हणतो."

"ह्याचा हात लागलाय ना? धुवा. तीन पाण्यानं, मीच उभी र्‍हाते. नि मग चांगल्या पाण्यात ठेवा."

स्वराज वाकळीवर पडून ऐकत होता. परड्यातल्या नळावर बियाणं घुसळल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा. त्याला उठून ओरडावंसं वाटत होतं की अगो, ओआरएस वाया जातंय. पण सतरा वेळा जाऊन आलेल्या माणसाला एवढ्या जोरात ओरडता येत नाही.

तिसऱ्या पाण्याच्या वेळी मात्र आढ्याकडे बघता बघता त्याला उमगलं. बाहेरचं मीठ चाललं होतं. साखरही चालली होती. आता दाण्याच्या आत जे होतं तेच बाहेरच्यापेक्षा दाट होतं, आणि पाणी नेहमी दाटाकडे जातं. पंप लागणारच नव्हता. कृषी सहायकाने जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते करायला त्याला चार दिवस, चाळीस पुड्या आणि आरोग्य खातं लागलं होतं.

रविवारी रखमाने बियाणं पुन्हा पोत्यात भरून दाबलं. सोमवार आला. पोत्यात अजून काही नव्हतं. एसटी आली, कोपऱ्यावर हॉर्न वाजवून गेली. भिकू ओट्यावर विडी ओढत बसला होता. त्याने पाठमोऱ्या एसटीकडे बघितलं आणि दुसरी विडी पेटवली.

मंगळवारी सकाळी त्याने स्वतःच पोत्यात हात घातला. आतून कोमट वाफ आली. मूठ बाहेर काढली तर दाण्यादाण्याला पांढरं टोक. एक दिवस उशिरा, पण सगळ्यांना.

"आलं," एवढंच म्हणून त्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि शेताकडे निघाला. स्वराज मागोमाग धावला, तर भिकूने त्याला बांधावरच थांबवला. जुलाबाच्या माणसाने चिखलात उतरायचं नाही. शेत तुझं, पण पेरणार मी. मग काय, शेताचा नवा मालक ओआरएसची बाटली मांडीवर घेऊन बांधावर बसला आणि जुना मालक त्याच्यादेखत बियाणं फोकू लागला.

अर्धं शेत झालं. स्वराजला राहवेना.

"बा, मला काय झालं नव्हतं. बियाणं मी मिठात ठेवून बाद केलेलं. पुड्या त्याच्यासाठी आणल्या होत्या. धुतलं म्हणून उगवलं, माझ्यामुळं नाय."

भिकूचा हात थांबला नाही. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"शनिवारी रातच्याला तू शिंक्यातल्या चार भाकऱ्या नि सगळं सुकट खाल्लंस. सतरा वेळा गेलेला माणूस सुकट खात नाय."

"मग सोमवारी मला गाडीत का नाय बसवलंस?"

भिकू कमरेत ताठ झाला. त्याने लांबवर, दर्शनाच्या घराकडे हात केला.

"सरकारी कागद हाय. सात दिस गावाभायेर जायचं नाय. त्यावर तुझी सही हाय, ती मी कशाला मोडू?" मग त्याने टोपली पुढे केली. "उतर आता. नि त्या कोपऱ्यात दाट टाकू नको, तिथं पाणी थांबतं."